काचेमागचा साक्षीदार

1906 च्या एप्रिल महिन्यात माइल्स बंधूंनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका केबल कारच्या पुढच्या टोकाला चलच्चित्राचा कॅमेरा बसवला आणि मार्केट स्ट्रीटवरून थेट फेरी बिल्डिंगपर्यंतचा रस्ता टिपला. सुमारे तेरा मिनिटांच्या त्या फितीत घोडागाड्या आहेत, नव्या मोटारी आहेत, रुळांवरून बेधडक आडवे जाणारे पादचारी आहेत. 18 एप्रिलच्या पहाटे भूकंप झाला, मागोमाग आग लागली आणि त्या रस्त्यावरच्या बऱ्याचशा वास्तू नाहीशा झाल्या. तरीही कित्येक दशके ही फीत 1905 सालची मानली जात होती. चित्रपट-इतिहासकार डेव्हिड कीन यांनी रस्त्यावर साचलेले पाणी, त्या दिवसांतले हवामानाचे वृत्तांत आणि फितीत दिसणाऱ्या मोटारींच्या क्रमांकांची सरकारी नोंद यांचा मेळ घातला, तेव्हा कुठे ती भूकंपाच्या अगदी थोडे दिवस आधीची असल्याचे सिद्ध झाले. धावत्या वाहनाच्या पुढच्या बाजूने रस्ता टिपण्याच्या इतिहासातला पहिला धडा या प्रकरणात आहे. चित्र स्वच्छ होते, त्यात हजारो तपशील होते, पण ते केव्हाचे हे सांगायला बाहेरच्या कागदपत्रांची मदत घ्यावी लागली. आज मोटारीच्या पुढच्या काचेमागे डॅशकॅम लावणे सर्रास झाले आहे आणि तो घरच्या घरी जुळवणारी हौशी मंडळीही थोडी नाहीत. त्यांच्या या उद्योगाकडे स्वस्तातले खेळणे म्हणून पाहिले जाते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. रस्ता टिपण्याचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच सुटला होता. काय विसरायचे, वेळ कशी नोंदवायची आणि नोंद कोणाच्या ताब्यात राहणार, हे तीन प्रश्न नंतर आले आणि चित्राला साक्षीची किंमत मिळते ती त्यांच्या उत्तरांमुळे. स्वतः कॅमेरा जुळवणाऱ्याला ही तिन्ही उत्तरे स्वतः द्यावी लागतात, म्हणून त्याचे काम गांभीर्याने घेतले पाहिजे.

विसरण्याच्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर मोटारीतून आले नाही, विमानातून आले. 1953 आणि 1954 मध्ये ब्रिटिश बनावटीची कॉमेट ही जेट विमाने एकामागून एक कोसळली आणि कारण सांगायला कोणी वाचले नाही. मेलबर्नच्या एरोनॉटिकल रिसर्च लॅबोरेटरीजमध्ये काम करणारे डेव्हिड वॉरन यांनी तेव्हा असे सुचवले, की वैमानिकांच्या कक्षातले बोलणे आणि उपकरणांवरचे आकडे सतत मुद्रित होत राहावेत. त्यांनी तयार केलेल्या नमुन्यात पोलादी तारेवर सुमारे चार तासांचे मुद्रण राहत असे आणि तार संपली की जुन्यावर नवे चढत असे. यातली खरी कल्पकता या पुसून टाकण्यात आहे. अपघात कधी होणार हे ठाऊक नसते, म्हणून नोंद अखंड हवी; सारे काही साठवणे परवडत नाही आणि योग्यही नाही, म्हणून फक्त शेवटचा काही काळ हाताशी ठेवायचा. ऑस्ट्रेलियातल्या वैमानिकांच्या संघटनेने हे यंत्र म्हणजे आपल्यावरची हेरगिरी आहे, अशी हरकत घेतली होती. हरकत निराधार नव्हती, आणि ठरावीक काळानंतर आपोआप पुसले जाणे हे तिला दिलेले अर्धे उत्तर होते. उरलेले अर्धे उत्तर पुढे नियमांनी दिले. क्वीन्सलंडमधल्या मॅके येथे 1960 मध्ये प्रवासी विमान समुद्रात पडल्यानंतरच्या चौकशीने अशा यंत्राची शिफारस केली आणि ऑस्ट्रेलियाने ते विमानांत सक्तीचे केले. आजचा जवळजवळ प्रत्येक डॅशकॅम याच तत्त्वावर चालतो. एक, दोन किंवा तीन मिनिटांचे तुकडे कार्डावर उतरतात, कार्ड भरले की सर्वांत जुना तुकडा पुसला जातो आणि धक्का बसला किंवा चालकाने बटण दाबले तर आसपासचे तुकडे बाजूला राखले जातात.

मोटारीत कॅमेरा आणला तो मात्र राज्यसंस्थेने, आणि तोही स्वतःच्या कामासाठी. अमेरिकेत कनेक्टिकटच्या राज्य पोलिसांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस गस्तीच्या गाडीत व्हिडिओ यंत्रणा बसवून पाहिली. कॅमेऱ्याने चालकाशेजारची जागा अडवली आणि मुद्रणयंत्राने मागची. 1980 च्या दशकात घरगुती व्हिडिओ कॅसेट आल्या, यंत्रे आटोपशीर झाली आणि दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्धच्या खटल्यांत या चित्रीकरणाचा उपयोग होऊ लागला. पुढे केंद्र सरकारने अनुदान दिले. 2000 साली राज्य पोलिसांच्या गस्ती गाड्यांपैकी 11 टक्के गाड्यांत कॅमेरे होते, ते प्रमाण 2004 पर्यंत 72 टक्क्यांवर गेले. त्याच सुमारास पोलीसप्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केलेल्या पाहणीत असे आढळले, की पोलिसांविरुद्धच्या ज्या तक्रारींत चित्रीकरण उपलब्ध होते, त्यांपैकी 93 टक्के प्रकरणांत पोलीस निर्दोष ठरले. कॅमेरा प्रामाणिक अधिकाऱ्याचे रक्षण करतो, असा निष्कर्ष यातून काढला गेला आणि तो बऱ्याच अंशी खराही असेल. पण या आकड्यामागे एक गृहीतक दडलेले आहे. कॅमेरा कधी सुरू होतो, फीत कोण ठेवतो आणि ती कोणाला दाखवतो, हे सगळे ज्याची चौकशी व्हायची त्याच खात्याच्या हाती आहे.

हे गृहीतक किती महाग पडते ते शिकागोत दिसले. 20 ऑक्टोबर 2014 च्या रात्री लक्वान मॅक्डोनल्ड या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलावर एका पोलीस अधिकाऱ्याने सोळा गोळ्या झाडल्या. मुलगा हातात सुरी घेऊन अंगावर येत होता, असे पोलिसांच्या अहवालांत लिहिले गेले. गस्तीच्या गाडीतल्या कॅमेऱ्यात मात्र तो पोलिसांपासून दूर चाललेला दिसतो. हे चित्रीकरण पहिल्या रात्रीपासून अस्तित्वात होते. लोकांसमोर यायला त्याला तेरा महिने लागले आणि तेही न्यायालयाच्या आदेशाने. ज्या दिवशी ते प्रसिद्ध झाले त्याच दिवशी त्या अधिकाऱ्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला आणि 2018 मध्ये तो दोषी ठरला. कॅमेऱ्याने आपले काम चोख केले होते. उणीव होती ती ताब्याच्या व्यवस्थेत: घटनेशी ज्याचा संबंध आहे त्याच्याकडेच पुराव्याची एकमेव प्रत असली, तर सत्य असूनही नसल्यासारखे राहते. रस्त्यावरचे कॅमेरे अनेकांच्या हाती असावेत याचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

अनेकांच्या हाती ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर गेले रशियात. तिथे 2003 मध्ये मोटार विमा सक्तीचा झाला. मुद्दाम टक्कर घडवून पैसे उकळणाऱ्या टोळ्या, वाहतूक पोलिसांवरचा अविश्वास आणि परस्परविरोधी जबान्या यांना कंटाळलेल्या सामान्य चालकांनी पदरचे पैसे खर्चून काचेमागे कॅमेरे लावले. 15 फेब्रुवारी 2013 च्या सकाळी चेल्याबिन्स्कच्या आकाशात सुमारे वीस मीटर रुंदीची उल्का फुटली, दीड हजारांच्या आसपास माणसे जखमी झाली, आणि कामाला निघालेल्या कित्येक गाड्यांतल्या कॅमेऱ्यांनी ती टिपली. या योगायोगाने मिळालेल्या चित्रीकरणांवरून खगोलशास्त्रज्ञांनी उल्केचा मार्ग आणि सूर्याभोवतीची तिची मूळ कक्षा काढली. त्यासाठी चित्रीकरणाच्या जागा निश्चित कराव्या लागल्या, काही ठिकाणी रात्री जाऊन ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर इमारती आणि दिव्याच्या खांबांच्या दिशा मोजाव्या लागल्या. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतली घड्याळे एकमेकांशी जुळतीलच असे नसते; आकाशातला लख्ख प्रकाश मात्र सर्वांसाठी एकाच क्षणी पडला होता. मार्केट स्ट्रीटची फीत आणि चेल्याबिन्स्कची चित्रीकरणे यांत एक शतक उलटले, तरी धडा तोच राहिला. स्थळ आणि काळ यांचा भरवसा बाहेरच्या, स्वतंत्र खुणेवरून द्यावा लागतो.

घरच्या घरी कॅमेरा जुळवणे आवाक्यात आले ते याच सुमारास. 29 फेब्रुवारी 2012 रोजी रास्पबेरी पाय हा हाताच्या पंजात मावणारा स्वस्त संगणक बाजारात आला आणि 2013 च्या मे महिन्यात त्याला थेट जोडता येणारा पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा. वरकरणी काम सोपे वाटते: संगणक, कॅमेरा, मेमरी कार्ड, जीपीएसचा तुकडा आणि बॅटरीच्या 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करणारे एक सर्किट. प्रत्यक्षात मोटार हे इलेक्ट्रॉनिक्ससाठी फार कठोर घर आहे. सेल्फ मारला की बॅटरीचा दाब क्षणभर खाली येतो आणि संगणक बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. चावी बंद केली की वीज एकदम तुटते आणि लिहिता लिहिता अडकलेले कार्ड बिघडते. उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्डवर इतकी उष्णता साचते की लिथियमची बॅटरी तिथे ठेवणे धोक्याचे ठरते, म्हणून जाणकार सुपरकपॅसिटर वापरतात; तो काही सेकंदच वीज पुरवतो, पण शेवटची फाइल नीट बंद करायला तेवढा वेळ पुरतो. नेहमीच्या एमपी-4 फाइलची अनुक्रमणिका बहुधा मुद्रण संपल्यावर शेवटी लिहिली जाते, म्हणजे टक्कर होऊन वीज गेली तर नेमका हवा तोच तुकडा उघडत नाही. त्यावर उपाय म्हणून तुकडे छोटे ठेवायचे किंवा मध्येच तुटली तरी वाचता येईल अशी फाइलची रचना निवडायची. रास्पबेरी पायच्या बहुतेक आवृत्त्यांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. इंटरनेट नसलेल्या गाडीत तो चुकीची वेळ धरून बसतो. म्हणून वेगळे घड्याळ जोडावे लागते किंवा उपग्रहांकडून येणारी जीपीएसची वेळ घ्यावी लागते. या यादीतल्या अडचणी नीट पाहिल्या तर चित्राची स्पष्टता तिच्यात कुठेच येत नाही. विसरणे, वेळ आणि ताबा हे इतिहासातले तीन प्रश्नच वायरी आणि आज्ञावलींच्या रूपात पुन्हा उभे राहतात.

इथे एक रास्त शंका येते. बाजारात काही हजार रुपयांत तयार कॅमेरा मिळतो, त्यात रात्रीचे चित्र चांगले येते, दुरुस्तीची हमीही असते. मग हा खटाटोप कशासाठी? ज्याला फक्त एक चालू कॅमेरा हवा आहे त्याने तयार घ्यावा, हे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. पण तयार उपकरणात किती काळाने पुसायचे, वेळ कुठून घ्यायची, आवाज मुद्रित करायचा की नाही, नोंद फक्त कार्डावर राहणार की कोणाच्या सर्व्हरवर जाणार, हे निर्णय बरेचसे दुसऱ्याने घेतलेले असतात आणि वापरणाऱ्याला ते पूर्णपणे तपासता येत नाहीत. स्वतः जुळवलेल्या यंत्रणेत प्रत्येक निर्णय वाचता येतो, बदलता येतो, आणि गरज पडली तर दुसऱ्याला समजावून सांगता येतो. साक्षीदाराला उलटतपासणीला उभे राहावे लागते. यंत्रालाही राहता आले पाहिजे. शिवाय तयार कॅमेऱ्यांत आज जे गुण आपण गृहीत धरतो, त्यांची कारणे उमगायची तर एकदा यंत्रणा मुळापासून उभी करून पाहण्यासारखा दुसरा मार्ग नाही.

याहून गंभीर आक्षेप असा, की यंत्रणा ज्याच्या हातची, त्याला तिच्यात फेरफार करणेही सोपे. त्याचे उत्तर आपल्याच न्यायालयांच्या इतिहासात आहे आणि त्यातली महत्त्वाची पाने महाराष्ट्राने लिहिली आहेत. युसुफअल्ली इस्माईल नगरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात मुंबई महापालिकेच्या एका कारकुनाला लाच देऊ करतानाचे संभाषण लपवलेल्या मायक्रोफोनने मुद्रित केले गेले होते. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुरावा म्हणून स्वीकारले; टेप सीलबंद केली नव्हती ही उणीव मात्र स्पष्ट नोंदवली, आणि मुद्रणाची वेळ, जागा व अचूकता जाणत्या साक्षीदाराकडून सिद्ध झाली पाहिजे असे बजावले. पाच वर्षांनी मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात मुंबईच्या कॉरोनरचे दूरध्वनीवरचे संभाषणही असेच ग्राह्य धरले गेले, मात्र मुद्रणात खाडाखोड झालेली नाही याची खात्री हवी, या अटीवर. 2014 च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला की नाही, हा वाद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणापर्यंत पोहोचला. त्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की मूळ उपकरण न्यायालयात आणले नाही आणि प्रतच सादर केली, तर ठरावीक दाखला अनिवार्य आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने त्या दाखल्याच्या नमुन्यात हॅश मूल्याची जागा ठेवली आहे. हॅश म्हणजे संपूर्ण फाइलवर गणित करून काढलेली ठरावीक लांबीची खूण. फाइलमध्ये किंचितही बदल झाला की ती बदलते. सुमारे साठ वर्षांपूर्वी न्यायालयाला टेपवर जे लाखेचे सील हवे होते, त्याचे हे आजचे रूप आहे. घरच्या यंत्रणेत प्रत्येक तुकडा बंद होताच त्याचे हॅश काढण्याची आज्ञा काही ओळींत लिहिता येते. अर्थात हॅश काढल्यानंतर बदल झालेला नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. त्याआधीचे काही नाही. म्हणून अपघातानंतर लगेच कार्ड आणि हॅश पोलिसांच्या पंचनाम्यात नोंदवून घेणे आणि मूळ कार्ड पुन्हा न वापरणे, ही शिस्त यंत्राइतकीच महत्त्वाची ठरते. मालक फेरफार करू शकतो हे खरे. पण केलेला फेरफार उघड होईल अशी रचनाही तोच करू शकतो.

तिसरा आक्षेप खासगीपणाचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणीही आपले चित्र टिपायला परवानगी दिलेली नसते. जर्मनीत माग्डेबुर्ग शहरात दोन गाड्या शेजारशेजारच्या मार्गिकांतून डावीकडे वळताना एकमेकींना घासल्या. चूक कोणाची हे साक्षींवरून ठरेना, आणि एका चालकाकडे कॅमेऱ्याचे चित्रीकरण होते. खालच्या न्यायालयांनी ते नाकारले. 15 मे 2018 रोजी तिथल्या संघीय न्यायालयाने दोन्ही बाजू मान्य करणारा निकाल दिला: विनाकारण अखंड चित्रीकरण करून साठवणे माहिती-संरक्षणाच्या कायद्याच्या विरुद्ध आहे, पण दिवाणी दाव्यात हितसंबंध तोलून ते पुरावा म्हणून वापरता येते. थोड्या थोड्या वेळाने आपोआप पुसणारे आणि टक्कर झाली तरच राखणारे यंत्र बनवणे शक्य आहे, याकडेही न्यायालयाने लक्ष वेधले. वॉरन यांच्या पोलादी तारेने जो तोल साधला होता, तोच जर्मन न्यायालयाला पुढे जाण्याचा मार्ग वाटला. यातून घरी जुळवणी करणाऱ्यासाठी स्पष्ट कर्तव्ये निघतात. मोठे कार्ड परवडते म्हणून महिन्यांचा साठा करू नये, गाडीतले बोलणे गरज नसताना मुद्रित करू नये, अनोळखी माणसांची चित्रे करमणुकीसाठी पसरवू नयेत. स्वतःची यंत्रणा स्वतः लिहिणाऱ्याला हे पाळता येते. कंपनीने तसे दिले नाही, ही सबब त्याच्यापाशी नाही.

चित्र एकदा हाती आले की वाद मिटला, असे मानणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांचा उत्साह आक्षेपकांपेक्षा अधिक घातक ठरू शकतो. जॉर्जिया राज्यात पोलिसांनी पाठलाग करताना एका चालकाच्या गाडीला मागून धडक दिली आणि तो कायमचा अपंग झाला. 2007 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने, पोलिसांच्या गाडीतल्या चित्रीकरणाच्या आधारे, पोलिसांच्या बाजूने निकाल दिला. पाहणाऱ्याला दुसरा निष्कर्ष काढताच येणार नाही, असा बहुमताचा सूर होता. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी तेच चित्रीकरण पाहून उलटे मत नोंदवले होते. नंतर संशोधक डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सुमारे 1,350 अमेरिकनांना दाखवले. बहुसंख्यांना न्यायालयाचे पटले, पण समाजातल्या स्थानानुसार आणि राजकीय कलानुसार लोकांना पळणाऱ्या चालकापासूनचा धोका कमीजास्त दिसला. म्हणजे उत्तम घड्याळ, नेमके हॅश आणि चोख ताबा असला तरी अर्थ लावण्याचे काम माणसांकडेच उरते. याने कॅमेऱ्याची किंमत कमी होत नाही. कोणत्या प्रश्नांवर वाद घालायचा हे तो निश्चित करतो, आणि जे घडलेच नाही त्यावर शपथेवर बोलणे अवघड करतो.

आपल्या रस्त्यांवर हे किती मोलाचे आहे ते सरकारी आकडेच सांगतात. 2022 मध्ये भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली. त्यांतली तीस हजारांहून अधिक माणसे, धडक देऊन वाहन पळून गेलेल्या अपघातांत गेली. वाहन सापडले नाही, तर मृताच्या कुटुंबाला सरकारी योजनेतून दोन लाख रुपये मिळतात. वाहनाचा क्रमांक कळला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मृताचे वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई मागता येते आणि दोषीवर खटलाही चालतो. या दोन वाटांमधले अंतर कित्येकदा एका वाचता येणाऱ्या नंबर प्लेटचे असते. पायी चालणाऱ्याकडे आणि सायकलवाल्याकडे काचेमागचा कॅमेरा नसतो. त्याच्या बाजूने बोलू शकतो तो मागून येणाऱ्या परक्या गाडीतला. मोटारीतल्या कॅमेऱ्याचा इतिहास राज्याच्या गरजेपासून सुरू झाला, मग मालकाच्या बचावापर्यंत आला. त्याचा पुढचा टप्पा असा दुसऱ्यासाठी साक्ष देण्याचा असायला हवा. म्हणून घरी जुळवलेल्या यंत्रणेची कसोटी चित्राच्या मेगापिक्सेलमध्ये शोधू नये. तिचे घड्याळ खरे आहे का, ती वेळेवर विसरते का, आणि चूक मालकाची असतानाही तिची नोंद तितकीच शाबूत राहते का, हे तपासावे. जो माणूस स्वतःच्या हाताने अशी यंत्रणा उभी करतो, तो रस्त्यावरच्या सत्याची थोडी जबाबदारी स्वतःकडे घेतो, आणि ती जबाबदारी पेलण्यासाठी लागणारी साधने आज त्याच्या खिशाला परवडणारी आहेत.